सहल ‘उरकू’ नका, पाहून या!

मैत्रिणींनो, दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. कुणी वेरूळ-अजिंठ्याला निघतं, कुणी कोकणात, कुणी गोव्याला. महिनाभर आधी पैशांची जुळवाजुळव होते, दशम्या-चटणीचा हिशेब होतो, गाडीची तिकिटं निघतात. आणि चार दिवसांत सात ठिकाणं ‘करून’ मंडळी घरी परततात. ‘करून’ हा शब्द मी मुद्दामच वापरला आहे. पोळ्या करतो, भांडी करतो, तशी आपण देवळं, लेणी आणि चर्चसुद्धा करून टाकतो. एक ना धड, भाराभर चिंध्या!

मागे एका वाचक भगिनीचं पत्र आलं होतं. त्या लिहितात, “आम्ही गोव्याला जाऊन आलो. जुन्या गोव्यातली मोठमोठी चर्चेस पाहिली. घरी आल्यावर सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, काय काय पाहिलंस गं? तर मला आठवलं एवढंच, की धाकट्याला तहान लागली होती आणि पाण्याची बाटली गाडीत राहिली होती. खर्च सगळ्यांचा सारखाच झाला. मग मला काय मिळालं?”

पत्र साधंच, पण मनाला लागलं. कारण हे एकटीचं नाही. सहलीत घरातली बाई बहुधा पिशव्या, चपला, स्वेटर आणि मुलं यांची राखणदार असते. ‘तुम्ही बघून या, मी इथे बसते’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणींच्या तोंडी असतं! म्हणून आज पाककृती बाजूला ठेवून त्या पत्राचं उत्तर देते. उदाहरण त्यांच्याच जुन्या गोव्याचं घेऊ. तिथे जमलं तर कुठेही जमेल.

घरून निघण्यापूर्वी

पहिली गोष्ट, ठिकाणं कमी करा. एका दिवसात दोन वास्तू निवांत पाहाव्यात, आठ पळत पळत पाहू नयेत. जुन्या गोव्याची चर्चेस आणि मठ १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. म्हणून सगळीच पाहायला हवीत असं कुठे आहे? बासिलिका ऑफ बॉम जीझस आणि समोरचं से कॅथीड्रल, एवढ्या दोन ठिकाणी सकाळ सुखानं जाते. वेळ उरला तर सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा.

दुसरी गोष्ट, वार आणि वेळ पाहून घ्या. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे ठाऊक नसल्यामुळे दारातून परतलेली कुटुंबं दर वर्षी भेटतात. चर्चमध्ये रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना असते. त्या वेळी प्रेक्षक म्हणून आत हिंडणं बरं नव्हे. आठवड्यातल्या साध्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर ऊनही नसतं आणि बसभर माणसांचा लोंढाही नसतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. राखणदारीच्या पाळ्या लावा. निघण्याआधी घरीच, चहा पिता पिता, हसत हसत सांगून टाका, “पहिला अर्धा तास मी आत जाईन, पिशव्या आणि धाकटा तुमच्याकडे. मग तुम्ही जा.” ऐन दारात हे सांगितलं तर वादावादी होते. आधी ठरलं की कुणाची ना नसते. आणि सामान हलकं ठेवा. पाण्याची बाटली, रुमाल, छोटी वही, पेन्सिल. बाकीचं खोलीवर राहिलं तरी काही बिघडत नाही.

मुलांना एकेक काम वाटून द्या. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्या अनुभवावरून सांगते, मुलाला नुसतं ‘बघ’ म्हटलं की ते कंटाळतं, ‘शोध’ म्हटलं की रमतं. एकाला घंटा शोधायला सांगा, एकीला शिंपल्यांची खिडकी. काचेची तावदानं दुर्मीळ होती तेव्हा गोव्यात चपट्या शिंपल्यांचे तुकडे लाकडी चौकटीत बसवून खिडक्या करत. त्यातून ऊन गाळून आल्यासारखं मऊ येतं. से कॅथीड्रलमध्ये अशा खिडक्या आहेत.

आधी बाहेरून

गाडीतून उतरलं की आपण थेट दारात शिरतो. तसं करू नका. समोर थोडं लांब उभं राहा आणि दगड पाहा.

बॉम जीझसचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये ते पूर्ण होऊन त्याची प्रतिष्ठापना झाली. नावाचा अर्थ ‘चांगला येशू’, म्हणजे बाळयेशू. इमारत जांभ्या दगडाची. कोकणातल्या मैत्रिणींना जांभा सांगायला नको. खाणीतून काढताना मऊ, मग वाऱ्यावर टणक होणारा, पण अंगभर भोकं असलेला. त्यावर नाजूक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून नक्षीसाठी काळा दगड आणला तो थेट आपल्या वसईहून! वर नजर टाकली की मधोमध कोरलेली तीन रोमन अक्षरं दिसतात, आय, एच, एस. ही येशूच्या नावाची खूण आणि जेझुइट पंथाची मुद्रा. ज्या चर्चवर ती दिसेल ते बहुधा जेझुइटांचं, हे एकदा कळलं की पुढे वाट्टेल तिथे ओळखता येतं.

आता एक गंमत पाहा. बॉम जीझस लालसर, उघड्या दगडाचं, आणि रस्त्यापलीकडचं से कॅथीड्रल पांढरंशुभ्र. असं का? पुष्कळांना वाटतं की लाल म्हणजे जुनं, पांढरं म्हणजे नवं. तसं मुळीच नाही. बॉम जीझसलाही पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून टाकला, जुनेपणा उठून दिसावा म्हणून. पण गोव्याचा पाऊस काय असतो ते आपण जाणतो. चुन्याचं अंगरखं म्हणजे जांभ्याची छत्रीच. ती गेल्यापासून भिंतींत ओल मुरते आणि दगड झिजतो, म्हणून जाणकारांना आज त्याची काळजी लागून राहिली आहे. घराची गच्ची गळू लागली की काय होतं हे ज्या बाईनं सोसलं आहे, तिला ही गोष्ट कुठल्याही पुस्तकाशिवाय समजते. एकदा समजली की ती भिंत नुसती ‘फोटोत छान दिसणारी’ राहत नाही.

से कॅथीड्रलकडे पाहिलंत की ते एका खांद्यानं झुकल्यासारखं वाटेल. त्याला दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात एक मोठी घंटा आहे. तिला ‘सोन्याची घंटा’ म्हणतात, ती तिच्या गोड नादामुळे.

आत गेल्यावर

चर्चमध्ये जायचं कसं, या संकोचानं कितीतरी जणी दारातच थबकतात. कुंकू-मंगळसूत्र घालून गेलेलं चालतं का? अवश्य चालतं. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एवढंच. साडी किंवा सलवार-कमीज उत्तम. चपला बहुतेक चर्चबाहेर काढाव्या लागत नाहीत, पण इतर लोक काय करतात ते पाहावं. दाराशी भांड्यात पाणी दिसेल. ते पवित्र जल ख्रिस्ती भाविकांनी बोटं बुडवून क्रुसाची खूण करण्यासाठी असतं, हात धुण्यासाठी नव्हे. मुलांना आधीच सांगून ठेवा. वेदीच्या पायऱ्या चढू नयेत. गुडघे टेकायच्या फळीवर पाय देऊ नये. कुणी डोळे मिटून बसलं असेल तर त्याच्या समोरून जाऊ नये. मोबाईलची घंटी बंद. फोटोविषयी दारावरचा फलक वाचावा आणि तो सांगतो तसंच करावं. देवळात गाभाऱ्यापाशी आपण जे वागणं ठेवतो तेच इथे ठेवलं की चुकत नाही.

आणि आता माझं मुख्य सांगणं. आत गेलात की बसा. मागच्या बाकावर बसा. दहा मिनिटं काही करू नका, काही वाचू नका, फोटो काढू नका. पहिली दोन मिनिटं घरचे विचार येतील. गॅस बंद केला होता ना, शेजारणीला किल्ली दिली ना. येऊ द्यात. मग कान उघडतात. पंख्याचा आवाज, पाखरांची फडफड, दूर कुणाच्या तरी चपला. मग डोळे अंधाराला सरावतात आणि समोरच्या वेदीवरचं सोनेरी लाकूडकाम हळूहळू उजळू लागतं. आत येऊन लगेच बाहेर पडणाऱ्याला ते कधी दिसतच नाही, कारण डोळ्यांना तेवढी सवड मिळत नाही.

त्या दहा मिनिटांत आणखी एक गोष्ट घडते. तिथे तुम्हाला कुणी ‘आई’ म्हणून हाक मारत नाही, चहा मागत नाही, काही हरवलं का विचारत नाही. विवाहित बाईला दिवसात अशी दहा मिनिटं किती मिळतात, ते तुम्हीच मोजा. आपला देव वेगळा असला तरी शांततेला धर्म नसतो. ती तिथे आहे, तिचं तिकीट नाही, आणि ती घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

बसून झालं की उठा आणि एकच गोष्ट नीट पाहा. बॉम जीझसमध्ये उजव्या हाताला संत फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे. झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले आणि १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला. लोक रांगेनं येतात, मान वर करून पेटीकडे पाहतात आणि निघून जातात. पेटी उंचावर आहे, आतलं फारसं दिसत नाही, म्हणून निराशही होतात. तुम्ही पेटीच पाहा. ही चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडवली, आणि तिच्यावर संताच्या आयुष्यातले ३२ प्रसंग आहेत. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीतल्या फ्लॉरेन्सचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानं तो पाठवला. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराला तो घडवायला दहा वर्षं लागली आणि १६९८ मध्ये तो इथे बसवला गेला. म्हणजे खाली इटलीचा हात, वर गोव्याचा. आपल्याकडच्या घडणावळीचं काम परदेशी कामाच्या डोक्यावर बसलं आहे आणि शोभतं आहे!

पायाखालीही पाहा

जुन्या चर्चमध्ये फरशी म्हणून जे दगड असतात, त्यात पुष्कळदा थडग्यांचे दगड असतात. जुन्या गोव्याच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये आणि वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये असे दगड आहेत. त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि रोमन अक्षरं कोरलेली असतात. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगं, एवढा एक पोर्तुगीज शब्द वहीत लिहून न्या. तो ओळखू आला की दगड बोलू लागतो. खालचा आकडा म्हणजे बहुधा साल.

एका बाईची गोष्ट मात्र मी आवर्जून सांगणार आहे. सेंट ऑगस्टीनचं चर्च १६०२ मध्ये पुरं झालं. १८३५ मध्ये मठ बंद पडले, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, आणि आज ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. इथल्या एका खिडकीच्या कोनाड्यात जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिचे अवशेष ठेवले होते, असं जुन्या पोर्तुगीज कागदांत होतं. इराणच्या शाह अब्बासनं तिला कैदेत ठेवलं होतं. धर्म बदलायला तिनं नकार दिला, म्हणून १६२४ मध्ये शिराजला तिचा छळ करून तिला मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिची हाडं जपून गोव्यात आणली. २००४ मध्ये उत्खननात हाडं सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेनं त्यांची तपासणी करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला, आणि २०२१ मध्ये भारतानं ते अवशेष जॉर्जियाला भेट दिले. चारशे वर्षांनी एक लेक माहेरी गेली म्हणायची. तो पडका मनोरा पाहताना हे ठाऊक असणं आणि नसणं यात किती फरक पडतो!

दोन बाजू, एकच दिवस

आता थोडं जड वाटेल असं लिहिते, पण टाळणं योग्य नाही. आपल्यापैकी कितीतरी जणींचं कुलदैवत गोव्यात आहे. सकाळी मंगेशी, शांतादुर्गा, आणि दुपारी जुनं गोवं, असाच सगळ्यांचा कार्यक्रम असतो. पण या दोन ठिकाणांचा एकमेकांशी संबंध आहे, हे कुणी सांगत नाही.

मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा आणि शांतादुर्गा केळशीची. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी १५६० च्या सुमारास मूर्ती उचलल्या, नदी ओलांडली आणि पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर प्रियोळला आणि कवळ्याला त्यांची स्थापना केली. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचं न्यायालय, १५६० मध्ये सुरू झालं आणि कायमचं बंद झालं १८१२ मध्ये. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर असाच नार्वे इथे नेला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला आणि त्याचा शिलालेख आजही दारावर आहे.

मग त्या सुंदर चर्चमध्ये शांत बसावं का? मला वाटतं, बसावं. सगळं जाणून बसावं. ज्या काळात हे घडत होतं, त्याच काळात फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री गोव्यात आला, मराठी शिकला, तिच्या प्रेमात पडला आणि येशूची कथा त्यानं चक्क मराठी ओव्यांत लिहिली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. इतिहासात ताट एकच असतं, त्यात गोड आणि कडू दोन्ही वाढलेलं असतं. कडू बाजूला सारून जेवलं तर चव कळत नाही, आणि कडूच धरून बसलं तर पोट भरत नाही. मुलांनाही दोन्ही सांगा, पण त्यांच्या वर्गातल्या ख्रिस्ती मैत्रिणीचा त्यात काही दोष नाही, हेही त्याच दमात सांगा.

नेम वसईचाही लक्षात ठेवा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीला अशा घंटा आहेत. पुढच्या वेळी दर्शनाला जाल तेव्हा घंटा वाजवण्याआधी तिच्या अंगावरची नक्षी आणि आकडे पाहा.

गावातल्या गावात

गोवा लांब आहे, खर्चाचं आहे, यंदा जमणार नाही, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी हिरमुसू नये. बहुतेक शहरांत एखादं जुनं चर्च असतं, आणि आपण बाजारात जाताना त्याच्या कुंपणावरून वर्षानुवर्षं जात असतो. पुण्यात पंचहौद मिशनचं चर्च आहे. १८९० मध्ये तिथे घेतलेल्या चहा-बिस्किटांवरून पुण्यात केवढं वादळ उठलं, आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं! मुंबईत कुलाब्याला १८५८ चं अफगाण चर्च आहे, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं. दारात कुणी असेल त्याला विचारा, “थोडा वेळ आत बसलं तर चालेल का?” मिस्सा चालू नसेल तर बहुधा हसून होकारच मिळतो.

घरी परतल्यावर त्याच रात्री, कपडे भिजत घालण्याआधी, वहीत तीन ओळी लिहा. एक, काय पाहिलं. दोन, काय नवं कळलं. तीन, काय परत पाहायचं राहिलं. फोटो मोबाईलमध्ये शेकड्यानं पडून राहतात, पण या तीन ओळी वर्षांनीही वाचल्या की जागा डोळ्यांसमोर उभी राहते.

आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनींना एवढंच सांगेन. तुमचा प्रश्न अगदी रास्त होता. खर्चात तुमचा वाटा होता, तसा पाहण्यातही होता. पुढच्या सहलीला पिशवी यजमानांच्या हाती द्या आणि आत जाऊन बसा. काय दिसलं ते मला जरूर कळवा. पत्राची वाट पाहते.